देल्फीनाबाईंचा रद्द झालेला स्मृतिदिन

बजाजनगर
२ नोव्हेंबर २०२५

वाळूजच्या कंपन्यांत पाळीवर उभ्या राहणाऱ्या माझ्या बायांनो,

जय भीम, नमस्कार, सलाम!

दिवसभर माल आपण तयार करतो. मालावर कंपनीचं नाव असतं, गाडीवर ठेकेदाराचं नाव असतं, आणि आपल्या गळ्यातल्या पट्ट्यावर नंबर असतो. आग लागली की पेपरात येतं, ‘तीन महिला कामगार जखमी’. तीन! त्या तिघींना आईबापानं नावं ठेवली नव्हती काय?

आणि एखादीचं नाव आलंच तर काय होतं, तेही आपण या उन्हाळ्यात पाहिलं. आपल्या रविवारच्या वाचनातली संध्या बातमीदाराला खरं तेच बोलली. बाथरूमला जायचं तर टोकन लागतं आणि सबंध लाइनला टोकन एकच आहे, एवढंच ती म्हणाली. नावासकट छापून आलं आणि आठवड्यात तिचा गेटपास बंद झाला. नाव छापलं नाही तर माणूस जातं, छापलं तर नोकरी जाते. असा हा न्याय!

म्हणून देल्फीना रोवास्को या बाईची आठवण ठेवायची. सातासमुद्रापार इटलीत होऊन गेली. आई रेशमाच्या गिरणीत, उकळत्या पाण्यात हात घालून कोशांतून धागा ओढायची. लेक शिकली, तोरिनो शहरात पत्रकार झाली, आणि बातमीसाठी स्वतः गिरणीत जाऊन राबली. संपादकानं बायांची नावं खोडून ‘एक कामगार स्त्री’ असं केलं, तेव्हा तिनं तो अंक त्याच्या तोंडावर फेकला, तुरुंगात गेली, आणि ‘उकळत्या पाण्यातले हात’ ही कादंबरी लिहिली. त्यातल्या प्रकरणांना गिरणीतल्या खऱ्या बायांची खरी नावं आहेत. त्याच लढ्यात बाईंनी प्राण सोडला.

३० नोव्हेंबरला, रविवारी, विहाराच्या सभागृहात देल्फीनाबाईंचा स्मृतिदिन. प्रतिमेला हार घालू, आणि संध्याचा जाहीर सत्कार करू. सगळ्यांनी यावं.

तुमची,
रत्नमाला

*

पडेगाव
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय आकाश,

सोबत पत्रकाचा फोटो आहे. आपल्या वाचनातल्या गोजरबाईनं आणि मी कंपन्यांच्या गेटांसमोरच्या चहाच्या टपऱ्यांवर चिकटवलीत.

तुझं उत्तर मला कागदावर हवं. लिही आणि फोटो काढून पाठव. फोनवर तू ‘हो आत्या, बरंय आत्या’ एवढंच बोलतोस, त्यावरून तू जेवलास की नाही हेसुद्धा कळत नाही. कंपनीनं मशीन जोडायला तुला इटलीत पाठवलं, पण माझ्या लेखी तुला देल्फीनाबाईंनीच बोलावून घेतलंय. त्यांचं गाव तुझ्यापासून तासाभरावर आहे, नकाशात पाहिलं मी. तिथं जा. कबर शोध, फूल वाहा, फोटो काढ. तो फोटो यंदा प्रतिमेशेजारी ठेवू.

वाचनाला हल्ली चार-पाचच जणी येतात. संध्यानं तर पायच ठेवला नाही. सभागृह भरलं नाही तर विहार समिती रविवारची वेळ दुसऱ्या कुणाला देईल, आणि त्यांचंही चुकणार नाही. एक फोटो आण. माझं बोलणं कमी पडतंय, तो बोलेल.

आत्या

*

कास्तेल्मोरो, इटली
९ नोव्हेंबर २०२५

आत्या,

जय भीम. जेवलो. आता बसून वाच.

मी आज बाईंच्या गावी गेलो होतो. दुकानात शेवंतीचा मोठा गुच्छ घेतला. कब्रस्तानात सगळे दगड वाचत फिरलो. रोवास्को बऱ्याच होत्या, देल्फीना एकही नाही. तिथल्या राखणदाराला कागदावर नाव लिहून दाखवलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, फुलांकडं पाहिलं, आणि इतका हसला की त्याला खोकला आला. मग टेकडीवरच्या वृद्धाश्रमाकडं बोट दाखवलं.

आत्या, देल्फीनाबाई जिवंत आहेत. एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत. आदल्याच दिवशी त्यांनी त्या राखणदाराला चारचौघांत झापलं होतं, त्यांच्या आईच्या कबरीवर गवत वाढलं म्हणून.

माझं इटालियन म्हणजे पाना, स्क्रू आणि कॉफी. पण वृद्धाश्रमात हरप्रीत नावाची पंजाबी बाई काम करते. बाई बोलायच्या इटालियनमध्ये, हरप्रीतदीदी मला सांगायची हिंदीत. दीदीनं आधी माझ्या हातातला गुच्छ बघून कपाळाला हात लावला. इथं शेवंती फक्त मेलेल्यांना वाहतात. पण बाईंनी तो मागून घेतला, वास घेतला आणि म्हणाल्या, “बरं झालं लवकर आणलास. नंतर मला वास आला नसता.”

डोळ्यांना फार कमी दिसतं त्यांना. कान तिखट आहेत.

तू पत्रकात लिहिलेलं विचारलं. तुरुंगात कधी गेल्या नाहीत. अंक कुणाच्या तोंडावर फेकला नाही. टाइपरायटरवर झाकण घातलं, “यावरची धूळ पुसत जा” म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. पुढं कुठल्याच पेपरानं कामावर घेतलं नाही. मग पोटासाठी बायकांच्या एका साप्ताहिकात वर्षानुवर्षं पाककृती लिहिल्या, त्याही ब्रूनो नावाच्या कुण्या आचाऱ्याच्या नावानं. असा ब्रूनो कुणी नव्हताच. “आणि मला अंडंसुद्धा उकडता येत नाही,” म्हणाल्या. “गिरणीतल्या बायांना विचारून लिहायचे.” कादंबरी रात्री लिहिली. खपली नाही. इंग्रजीत कुणी नेली, तुला गुलमंडीच्या फुटपाथवर ती कशी सापडली, त्यांना काही पत्ता नाही.

मी सांगितलं, आमच्या गावात कारखान्यातल्या बाया तुमचं पुस्तक रविवारी ऐकतात. माझी आत्या इंग्रजीतून बघते आणि मराठीत सांगत जाते. त्यांनी विश्वास ठेवला नाही. खुर्चीत ताठ बसल्या आणि पत्रकारासारखं विचारलं, “कोण बाया? नावं सांग.”

मला तुझ्याशिवाय नाव आठवेना. काय सांगू?

स्मृतिदिनाचं मी बोललो नाही. ते तूच बघ.

आकाश

*

पडेगाव
११ नोव्हेंबर २०२५

आकाश, माझ्या लेकरा,

तुझं पत्र वाचून मी आधी रडले, मग हसले, मग खूप लाजले. ज्याचं पुस्तक रद्दीत मिळतं तो माणूस मेलेलाच असणार, असं मी धरून चालले. पुस्तकाच्या पाठीवर फोटो आणि दोनच ओळी होत्या, तुरुंग वगैरे मी भाषणांत जोडत गेले. आपल्या चळवळीत प्रत्येक मोठ्या माणसाची एक जयंती आणि एक स्मृतिदिन असतो. पहिल्या वर्षी पुस्तक वाचून संपलं तेव्हा बायांनी विचारलं, “ताई, बाईंचा स्मृतिदिन कधी धरायचा?” जयंती ठाऊक नव्हती. मी म्हटलं, आज पुस्तक संपलं, आजचाच धरू. तेव्हापासून आपण एका जित्या बाईला दरवर्षी श्रद्धांजली वाहतोय!

गोजरबाईला सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली.

“मंग जित्या बाईच्या फोटूला हार घातले व्हय आपण?”

“हो ना.”

“तरीच! मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं. आपणच जगवली तिला इतके दिस. कळवा तसं, म्हणावं उपकार ठेव.”

पाककृतींचं ऐकून मला जरा लागलं, खोटं कशाला बोलू? मी तिला तोफ म्हणून उभी केली होती, आणि ती ब्रूनोच्या नावानं रस्सा शिकवत होती. हेही गोजरबाईजवळ बोलले. तर म्हणते, “मंग? पोटाला काय भाषणं खाणार होती? तुमची पेन्शन हाय, ताई, म्हून तुमाला तोफ परवडती.”

असो. आता ऐक. ही बातमी मोठी आहे. मी दोन बातमीदारांशी बोलले आहे. इटलीची लेखिका फोनवरून आपल्या सभेत बोलेल, आणि तिच्या शेजारी मोठ्या अक्षरांत संध्याचं नाव असेल. अन्याय जिच्यावर झाला तिचं नाव जगाला कळलंच पाहिजे. देल्फीनाबाईंना नाव हवंय ना? सांग त्यांना संध्याचं. टोकनाची सगळी हकिकत सांग.

संध्या मात्र अजून आली नाही. भ्याली पोरगी. मी समोर उभं राहून तिला बोलायला शिकवलं होतं, याचं जास्त वाईट वाटतं.

आत्या

*

रांजणगाव
१३ नोव्हेंबर २०२५

ताई,

तुमाला तोंडावर बोलता येनार नाय म्हून लिहिते.

मी भ्याले असं तुम्ही म्हनता, गोजरामावशीनं सांगितलं. मी भ्याले नाय. दिवाळीच्या आधी मला दुसऱ्या कंपनीत काम लागलं. नवा ठेकेदार आहे, जुनं त्याला काय ठाव नाय. दोन पोरांची शाळा आहे म्हून कुनाला बोलले नाय, तुमालाबी नाय.

त्याच गेटासमोरच्या टपरीवर तुमचं पत्रक लागलं. सुपरवायझरनं चहा पितापिता सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. मग माझ्याकडं बघून म्हनला, “ही संध्या म्हंजे तू तर नाय ना?” मी म्हनले, “नाय, ती दुसरी.”

ताई, पेपरात आलं तवा माझी नोकरी गेली, पन नाव माझंच होतं. मी ताठ मानेनं बाहेर पडले होते. आता नोकरी आहे आन मीच माझं नाव नाय म्हनले. घरी येऊन लई रडले.

त्या बातमीदारानं मला न विचारता नाव टाकलं तवा तुम्ही केवढ्या तापल्या होत्या. मंग तुम्ही मला इचारलं का?

सत्कार नको. मी येनार नाय.

संध्या

*

पडेगाव
१६ नोव्हेंबर २०२५

आकाश,

संध्याचं पत्र सोबत पाठवते. ते पुन्हा पुन्हा वाचून मला पाठ झालंय.

गोजरबाईला घेऊन टपऱ्या-टपऱ्या फिरले. आम्ही खळ इतकी चांगली केली होती की पत्रक निघेना. पाणी मारायचं, उलथण्यानं खरवडायचं, पुढं जायचं. एका टपरीवाल्यानं विचारलं, “मावशी, सभा कॅन्सल हो गई क्या?” गोजरबाई म्हणाली, “सभा है, बाबा. नाव कॅन्सल है.” बातमीदारांनाही नको म्हणून कळवलं.

मग संध्याच्या खोलीवर गेले. तिनं आत घेतलं, चहा ठेवला. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाली, “ताई, आज तुम्ही नका बोलू. चहा घ्या.” मी चहा घेतला. तिच्या धाकट्यानं मला बाराखडी म्हणून दाखवली. उठताना मी एवढंच म्हटलं, “पोरी, चुकले.” ती म्हणाली, “व्हय, चुकल्या.” आणि कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. मैदानात हजार माणसांसमोर मी कधी अडखळले नाही, त्या कोपऱ्यावर मला ‘येते’ एवढंही नीट म्हणता आलं नाही.

आपल्या माणसांची नावं जगासमोर यावीत म्हणून मी आयुष्यभर घसा फोडला आणि त्यात चूक काहीच नाही. पण नाव ज्याचं त्याचं असतं. ते उचलून झेंड्यावर लावायचा हक्क मला कुणी दिला होता?

देल्फीनाबाईंना संध्याचं नाव सांगू नकोस. सांगितलं नसशील तर बरं.

आत्या

*

कास्तेल्मोरो
२० नोव्हेंबर २०२५

आत्या,

सांगून बसलो होतो. तुझं आधीचं पत्र आलं त्याच शनिवारी गेलो आणि सगळी हकिकत सांगितली, नावासकट. टोकनाचं ऐकून बाईंनी हरप्रीतदीदीला दोनदा विचारलं, “आजसुद्धा? या वर्षी?” मग संध्याचं नाव त्यांनी जिभेवर घोळवलं. म्हणता म्हणता थांबल्या आणि मला विचारलं, “तिनं परवानगी दिली का?”

मी म्हटलं, आत्यानं सांगायला सांगितलंय.

“मग हे नाव परत घेऊन जा.” असं म्हणाल्या, आत्या. मला दार दाखवलं त्यांनी!

काल तुझं नि संध्याताईचं पत्र घेऊन पुन्हा गेलो. मी हिंदीत वाचलं, दीदीनं इटालियनमध्ये सांगितलं. बाईंनी संध्याताईचं पत्र दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, सातवं प्रकरण आठवतं का तुझ्या आत्याला?

तुला आठवतच असेल. त्या एकाच प्रकरणाला नाव नाही, वरती कोरी जागा आहे. तू म्हणायचीस छपाईत राहून गेलं, आणि वाचताना तिथं ‘अनामिका’ म्हणायचीस. ती छपाईची चूक नाही. बाईंनी प्रत्येक कामगारणीच्या घरी जाऊन नाव छापू का, असं विचारलं होतं. सातवी नाही म्हणाली. प्रकाशक म्हणत होता, एखादं खोटं नाव घाल. बाईंनी जागा कोरी ठेवली. ब्रूनोच्या नावानं पाककृती लिहिता येतात, म्हणाल्या, पण तिच्या डोक्यावर माझ्या मनचं नाव ठेवता येत नाही.

त्यांनी संध्याताईसाठी पत्र सांगितलं. दीदीनं हिंदीत लिहून घेतलं, मी मराठी केलं. असं आहे:

‘बाई,

तुमचं नाव माझ्या कानावर आलं. तुम्ही दिलं नव्हतं, म्हणून मी ते विसरते आहे. या वयात त्याला फारसे कष्ट पडत नाहीत.

मी माझं पुस्तक गिरणीतल्या बायांसाठी लिहिलं. वाचलं प्राध्यापकांनी. ते येऊन विचारायचे, उकळतं पाणी कशाचं प्रतीक आहे? मी सांगायचे, पाणी उकळतं होतं आणि आईच्या बोटांची कातडी निघायची. ते वहीत काहीतरी वेगळंच लिहून घ्यायचे. माझ्या आईच्या मैत्रिणी तोवर थकल्या होत्या, काहींना वाचता येत नव्हतं. आपलं पुस्तक चुकीच्या घरी पोचलं, असं मी धरून बसले होते. आता हा मुलगा मेलेल्यांची फुलं घेऊन आला आणि म्हणतो, ते तुमच्या घरी पोचलं.

मला तुमच्याबद्दल काही लिहायचं नाही. माझे डोळे गेले, पेपर तर कधीच गेला. मला फक्त ऐकायचं आहे. दिवसभर तुमचे हात काय करतात? सांगावंसं वाटलं तर सांगा. नाव द्यावंसं वाटलं तर स्वतःच्या तोंडानं द्या. नाही दिलंत तरी तुम्ही मला कमी होणार नाही.

देल्फीना’

मी २ डिसेंबरला निघतोय, आत्या. तीस तारखेचा रविवार माझा इथला शेवटचा. मी आणि हरप्रीतदीदी फोन घेऊन बाईंजवळ बसू. त्यांना स्मृतिदिनाचंही सांगून टाकलं. म्हणाल्या, “दरवर्षी माझ्यासाठी कोण काय बोललं, ते मला ऐकायला मिळालं नाही. म्हातारीवर अन्याय आहे.”

आकाश

*

रांजणगाव
२३ नोव्हेंबर २०२५

देल्फीनाबाई,

तुमचं पत्र पोचलं. रत्नमालाताईंनी आनून दिलं आन दारातूनच परत गेल्या. आत या म्हनले तरी आल्या नाय. असं त्यांनी कधीच केलं नवतं, म्हून मला लई कसंतरी झालं.

माझे हात वायरी जोडतात. लाल, पिवळी, काळी. गाडीच्या दिव्याच्या वायरी. आठ तास. बोटाची पेरं सुन्न होतात, मंग भाकरी थापताना तव्याचा चटका कळत नाय. हे मी अजून कुनालाच सांगितलं नवतं. बातमीदारानंबी इचारलं नाय, त्याला टोकनाचंच पाहिजे होतं.

त्या सातव्या बाईचं पुढं काय झालं? आमच्या वाचनात ह्याच्यावर भांडनं झालीत. गोजरामावशी म्हनते तिनं दुसरं लगीन केलं. मी म्हनते तिनं गिरनी सोडली नाय.

मी रविवारी येईन. मागं बसेन. फोटो नाय, बॅनर नाय, कुनी रेकॉर्ड करायचं नाय, असं ताईंना सांगितलं. त्या बरं म्हनल्या. बाकीच्या बाया आल्या आन त्यांनी त्यांची नावं सांगितली, तर मीबी माझं सांगन. एकटी नाय सांगनार. एकटीनं सांगून बघितलं मी.

तुमची

*

बजाजनगर
२६ नोव्हेंबर २०२५

माझ्या बायांनो,

जय भीम, नमस्कार, सलाम!

हे पत्रक भिंतीवर लावलेलं नाही. प्रत्येकीच्या हातात दिलंय. वाचा, घडी घाला, जवळ ठेवा किंवा चुलीत घाला, तुमची मर्जी.

मागच्या पत्रकातलं बरंच चुकलं होतं. देल्फीना रोवास्को जिवंत आहेत. स्मृतिदिन रद्द! त्या तुरुंगात गेल्या नाहीत. त्यांनी काम गमावलं, दुसऱ्याच्या नावानं पाककृती लिहून पोट भरलं, आणि ज्या बाया हो म्हणाल्या त्यांचीच नावं पुस्तकात घातली. मला हे तुरुंगापेक्षा मोठं वाटतं. चिडून तुरुंगात दोन दिवस काढणं सोपं आहे. विचारायला पुन्हा पुन्हा कुणाच्या दारी जाणं अवघड आहे. ते मी या महिन्यात शिकले, या वयात.

आपल्यातल्या एकीचं नाव मी तिला न विचारता छापलं. आपली दुखणी मांडते म्हणता म्हणता मीही तिला बातमीच केलं. तिनं मला ते स्पष्ट सांगितलं आणि तरी ती रविवारी येणार आहे. तिची एकच अट आहे. तिला एकटं बोलायला लावायचं नाही.

ती अट तुमच्यावाचून पुरी होणार नाही. माझं भाषण इथं कामाचं नाही. चार-पाच जणी आल्या तर ती मागच्या रांगेतून मुकाट उठून जाईल, आणि तिकडं डोळे गेलेली एक बाई कान लावून बसलेली असेल, तिला आपलं खोकणंच ऐकू येईल. पुस्तक आपल्या घरी पोचलं की नाही, हे तिला आता कागदावरून कळणार नाही. आवाजावरूनच कळेल.

त्या दिवशी कुणी बातमीदार नसेल. फोन एकच, टेबलावर. मी दारात उभी राहीन आणि बोलणार नाही. गोजरबाईनं पैज लावलीय की मला ते जमणार नाही. बघायला तरी या!

या पत्रकात कामावरच्या एकाही बाईचं नाव नाही. गोजरबाईचं आहे, कारण तिनं दरडावून सांगितलं, “माझं टाका, मला कोन काढतंय!” तुमचं मी लिहिणार नाही. ते तुमच्याजवळ आहे. येत्या रविवारी, ३० तारखेला, संध्याकाळी पाच वाजता विहाराच्या सभागृहात या, त्या फोनजवळ उभ्या राहा, आणि आपलं नाव आपल्या तोंडानं मोठ्यानं सांगा.

रत्नमाला